नोकरी शोधताय? मग निदान या चुका तरी टाळा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपसाठी माणसं निवडायला बसणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. बायोडाटा वेगळे, तोंडं वेगळी, चुका मात्र त्याच त्या. नोकरी जाणं हा काही गुन्हा नव्हे. गाड्या नाहीतर ट्रॅक्टर खपेनासे झाले की कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागांच्या, ऑर्डरी घटतात आणि फौंड्रीतनं आधी कंत्राटी पोरं घरी जातात. ते कुणाच्या हातात नसतं. पण त्यानंतर आपण जे दिवे लावतो, ते नक्की आपल्याच हातात असतं.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे जुन्या कंपनीच्या नावानं खडे फोडणं. "का सोडली?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "तिथं लय पॉलिटिक्स होतं, सर." हे ऐकलं की आम्ही चहा सांगतो, कारण आता पुराण सुरू होणार.

मागं एक व्हीएमसी सेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन लावून देणारा, आला होता. पोरगा हुशार. ड्रॉइंग हातात घेतल्या घेतल्या कुठली मापं जपायची ते सांगितलं, वर्क ऑफसेट, म्हणजे मशीनला शून्य कुठं धरायचा ते, कसा घेणार तेही न अडखळता. नोकरी जवळजवळ पक्की. मग सुपरवायझरचा विषय निघाला आणि गडी रंगात आला. तो वशिल्यानं लागलाय, त्याला ओ की ठो कळत नाही, मायक्रोमीटरसुद्धा उलटा धरतो! आमचे क्वालिटीचे साहेब मान खाली घालून ऐकत होते. सगळं झाल्यावर शांतपणे म्हणाले, "मायक्रोमीटरचं खरं असेल बाबा. पण तो माझा साडू आहे."

साहेबांनी डूख धरला नाही, पण घेतलंही नाही. उद्या हा आमच्याबद्दल दुसरीकडं असंच बोलणार, एवढंच म्हणाले. आणि त्यात चूक काय? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले आणि उद्यमनगर, एवढीच आपली दुनिया. समोर बसलेला माणूस कुणाचा मेव्हणा, कुणाच्या तालमीतला, हे तुम्हाला काय ठाऊक? "ऑर्डरी कमी झाल्या, कामावरनं थांबवलं" एवढं पुरे. भांडण झालं असेल तर "जमलं नाही, पण काम शिकलो" म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं ही सुद्धा सेटिंगच आहे, पण ती कुणी शिकत नाही.

तो पोरगा पुढं गोकुळ शिरगावात लागला. तिथं मुलाखतीला बसल्या बसल्या त्यानं आधी विचारलं म्हणे, "इथं कुणाचे साडू आहेत का?" आणि सगळा किस्सा स्वतःच सांगितला. माणसं पोट धरून हसली. स्वतःवर हसता येणारा माणूस शिफ्टमध्ये बनवलेला पार्ट रिजेक्ट झाला तरी आदळआपट करणार नाही, हे घेणाऱ्यालाही कळतं.

दुसरी चूक, लपवणं. नोकरी गेलेली, पण रोज डबा घेऊन गाडीला किक मारायची आणि रंकाळ्यावर जाऊन बसायचं. ओळखीतल्या एकानं हे बरेच दिवस चालवलं. त्याच्याच गल्लीतल्या एकाचं उद्यमनगरात वर्कशॉप, त्याला सीएनसी मशीनवर माणूस हवा होता. "तुला विचारणार होतो, पण तू तर कामावर जातोयस" म्हणून त्यानं दुसरा लावला! चहाच्या गाड्यावर, आयटीआयच्या जुन्या मास्तरांना, पाहुण्यांना, सगळ्यांना सांगून टाका. कुणी खोचकपणे "काय चाललंय सध्या?" विचारलं तर म्हणा, "चांगला मालक शोधतोय, तुमच्या बघण्यात आहे का?" निम्मे गप्प होतात, एखादा खरंच नंबर देतो.

बाकीच्या पटापट सांगतो.

बायोडाटात पाच वर्षांचा अनुभव आणि नेहमीच्या वर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारला की छताकडं बघायचं. ०.०२ मिमी, भावा. रील बघून मुलाखतीची उत्तरं पाठ होतात, हात तयार होत नाही.

नोकरीसाठी डिपॉझिट किंवा युनिफॉर्मचे पैसे आधी मागितले की उठायचं. ऑनलाइन फसलाच असाल तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

हातात पैसा नाही म्हणून पीएफ लगेच रिकामा करू नका. एकूण सलग नोकरी ५ वर्षांच्या आतली असेल तर काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो, आणि पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून नव्या कंपनीत ट्रान्सफर करा. जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटचा हप्ता भरल्यावर दोन महिन्यांनी ती स्वतः पीएफच्या पोर्टलवर टाकता येते.

मुलाखतीनंतर रोज फोन नको. आठवड्यानं एकदा करा, नाव सांगा, विचारा, ठेवा.

आणि आलेला फोन उचला! अनोळखी नंबर म्हणून कट करता आणि संध्याकाळी "सर, तुमचा मिस्ड कॉल होता" म्हणता. तोवर दुसऱ्याचा गेटपाससुद्धा झालेला असतो.