मिरगाआधी कुळागरातले चर उपसा

मिरगाचा पाऊस धरायच्या आत कुळागरातले, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतले, चर उपसून घ्या. यंदाचं पहिलं काम हेच; फवारणी त्यानंतर.

आपण श्वास छातीत घेतो आणि पायाच्या अंगठ्याला लागणारा प्राणवायू रक्त तिथवर नेऊन देतं. माडीला, म्हणजे सुपारीच्या झाडाला, ही सोय नाही. तिच्या खोडात पाणी वर चढवणाऱ्या नळ्या आहेत, पानांत तयार झालेलं अन्न खाली आणणाऱ्याही आहेत. पण मुळापर्यंत प्राणवायू पोचवणारं रक्तासारखं काही नाही. प्रत्येक मूळ मातीतल्या बारीक पोकळ्यांमधून आपला श्वास आपणच घेतं. त्या पोकळ्यांत पाणी भरलं की प्राणवायू मुळाकडे सरकण्याचा वेग सुमारे १०,००० पटींनी घटतो. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणजे चर बुजलेला असेल तर माडीची मुळं आठवडेच्या आठवडे गुदमरलेली राहतात. खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतातलं, भात पाण्यात उभं राहतं ते त्याच्या ताटात आणि मुळांत हवेच्या पोकळ वाटा असतात म्हणून. त्यावरून माडीचा अंदाज बांधू नका.

जमिनीतलं खत आत ओढायला मुळाला ताकद लागते आणि ती श्वासातूनच मिळते. त्यामुळे जुलैत पानं पिवळी पडली की लगेच युरियाची गोणी उघडू नका. आमच्या खालच्या पाटाजवळच्या माड्यांना मी एका वर्षी युरिया घातला, पिवळेपणा तसाच राहिला. चर खोल केल्यावर मात्र पुढची पानं हिरवी आली. बुंध्यापासून दोन हातांवर हातभर खड्डा खणून बघा. त्यात पाणी साचलं, मातीला कुजका वास आला किंवा मुळाची साल हातात निघून आली, तर खत थांबवा.

दोन ओळींमध्ये एक चर ठेवा, मुळांच्या थराहून वीतभर खोल, आणि त्याचं तोंड उताराकडे मोकळं. उन्हाळ्यात शिंपायला वापरलेल्या पाटाचं वरचं तोंड बंद करा, नाहीतर डोंगराचं पाणी थेट कुळागरात उतरतं.

आता शेंड्याकडे. माड असो वा माडी, कोंब एकच. तो कुजला की झाड गेलं, बाजूने दुसरा फुटत नाही. खोडाची जखमही भरत नाही: आंबा-काजूच्या सालीखाली नवी लाकूड-साल घडवणारा थर असतो, माडाला तो नाही. चढण्यासाठी घातलेली खाच जन्मभर उघडी राहते आणि सोंड्या भुंग्याला अंडी घालायला जागा मिळते. नव्या खाचा घालू नका, कृपा करून.

सुपारीचा कोळेरोग (फळं कुजून गळणं) आणि माडाची कोंबकूज ही दोन्ही दुखणी फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूची, आणि त्याचे बीजाणू पाण्यातून पसरतात. त्यावर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारायचं. १ टक्का बोर्डोसाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओता. चकचकीत सुरी बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. पहिली फवारणी पाऊस धरण्याआधी सुपारीच्या घोसांवर, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून. माडाच्या मधल्या कोवळ्या पानाचा रंग उतरला आणि ओढल्यावर ते दुर्गंधीसह सुटून आलं, तर सडलेला भाग खरवडून काढा आणि १० टक्के बोर्डो मलम लावा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. वरून पावसाचं पाणी शिरणार नाही असं झाका.

माडीवर चढवलेल्या मिरीलाही हाच शत्रू. जमिनीवर लोळणाऱ्या फांद्या आत्ताच छाटा किंवा वर बांधून घ्या, वेलावर बोर्डो मारा, आणि एकदा पाऊस लागला की वेलाच्या बुडाशी कुदळ लावू नका. तुटलेल्या मुळातून रोग आत शिरतो.