ठाण्यात पाहुण्यांना पत्ता सांगताना

आधी स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला ते सांगा. कोपरी पूर्वेला, नौपाडा पश्चिमेला. चुकीच्या बाजूला उतरलेला माणूस सामानासकट पुन्हा पूल चढतो. मग खूण द्या, पण दुकानाची नको. दुकानं बदलतात, पाट्या उतरतात. गडकरी रंगायतन नाट्यगृह, कौपिनेश्वर मंदिर, तीन हात नाका या खुणा रिक्षावाल्याला लगेच कळतात.

नुसतं ‘तलावपाळीला ये’ म्हणू नका. तळ्याला चारी बाजूंनी रस्ता, त्यात संध्याकाळची गर्दी! रंगायतनाच्या दारात की कौपिनेश्वराच्या, हे नेमकं सांगा. शिवाय पाहुण्यांचं देवदर्शन आणि तळ्याकाठची फेरी आपसूक होते. शेवटच्या वळणावर वड-पिंपळ असेल तर तोही सांगा, आणि घर त्याच्या अलीकडे की पलीकडे, तेही.