पाइप ऑर्गनचे स्टॉप निवडताना या चुका टाळा

"वाजवणार मी, मग मला आवडेल तो स्टॉप मी ओढणार" हे शिकायला आलेल्या प्रत्येकाकडून ऐकतो (स्टॉप म्हणजे ओढली की एका जातीचे पाइप वाजू देणारी खुंटी), आणि मलाही ते स्वातंत्र्य प्रिय आहे, पण नियम कशासाठी होता हे न बघता मोडला की तो फसतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ग्रां ज्यू या स्टॉपच्या जोडणीत मिक्श्चर, म्हणजे एका कळीला अनेक उंच सुरांचे पाइप एकदम वाजवणारा स्टॉप, घालणं. जुन्या फ्रेंच पद्धतीत प्लँ ज्यू ही जोडणी म्हणजे प्रिन्सिपल, ऑर्गनचा मूळ आवाज देणारे पाइप, आणि वर मिक्श्चर, रीड म्हणजे पातीने वाजणारे पाइप नाहीत. ग्रां ज्यू म्हणजे ट्रम्पेट आणि क्लेरॉन हे रीड, सोबत अनेक पाइपांचा भरीव कॉर्नेट, तिथे मिक्श्चर नाही. एका विद्यार्थ्याला घेऊन फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या जुन्या ऑर्गनवर गेलो होतो. तो फ्रेंच संगीतकार कुपरँचं १६९० चं ऑफर्तुआर, म्हणजे चर्चच्या उपासनेतला एक तुकडा, वाजवणार, ज्याच्या नावातच ग्रां ज्यू आहे, आणि त्याला वाटलं अजून चमक पाहिजे, म्हणून मिक्श्चरही ओढलं. पहिल्याच मोठ्या कॉर्डला भात्याची हवा पुरेना, सूर खाली घसरून थरथरायला लागला, आणि मी खाली चर्चच्या मध्यावर उभा होतो तिथे मधल्या ओळी ऐकूच येईनात. मिक्श्चर आत ढकललं आणि तोच तुकडा स्वच्छ उभा राहिला. रीडचा वरचा सप्तक बारीक पडतो, त्याला भरीव करायला कॉर्नेट आहे, मिक्श्चरची गरजच नाही. घाई केली नसती तर हे त्याच्याच कानांनी त्याला सांगितलं असतं.

८ फुटी, म्हणजे कळीच्या मूळ सुरातच बोलणारे, फ्लूट स्टॉप एकावर एक चढवू नका, आवाज मोठा होत नाही, नुसता जाड होतो. पेडलला, म्हणजे पायांनी वाजवायच्या कळींना, एकटा १६ फुटी (एक सप्तक खालचा) ठेवू नका, ८ फुटी जोडा, नाहीतर सूर कळत नाही. ट्रेम्युलंट, म्हणजे सुराला थरथर देणारी यंत्रणा, कायम चालू ठेवणं तर मला अजिबात सहन होत नाही.

आता उलटी चूक, छापलेलं जसंच्या तसं ओढणं. संगीतकार सेझार फ्राँक फाउंडेशन स्टॉप्स म्हणजे पायाभूत स्टॉपसोबत ओबोआ हा रीड लिहितो, पण तो पॅरिसच्या सेंत-क्लोतील्ड चर्चमधल्या, काव्हाये-कोल या कारागिराने बनवलेल्या १८५९ च्या ऑर्गनवरचा ओबोआ, बाकीच्यांत विरघळणारा. तुमच्याकडचा नाकात बोलत असेल तर काढा, मी काढतो, आणि त्यावरून वादही घालतो.

जर्मन संगीतकार बाखने स्टॉप फार थोड्या ठिकाणी लिहून ठेवलेत. त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएलने लिहून ठेवलंय की बाख स्वतःच्या पद्धतीने स्टॉप ओढायला लागला की ऑर्गन बनवणारे घाबरायचे आणि मग ऐकून थक्क व्हायचे. पण हाच माणूस नवा ऑर्गन तपासताना आधी सगळे स्टॉप ओढून त्याची फुप्फुसं, म्हणजे हवा पुरते का, ते बघायचा!

पेटीवाल्यांना खर्ज, नर, मादी रीड वेगवेगळ्या ऐकायची सवय असते, इथेही तेच करा. मी अनोळखी ऑर्गनवर पहिला अर्धा तास एकेक स्टॉप एकटाच ओढतो, खालून वरपर्यंत सावकाश वाजवतो, मग कुणाला तरी बाकावर बसवून स्वतः खाली जाऊन ऐकतो, आणि माझी निवड पक्की होते ती तिथे.