काडेपेटीत जीव कसा आणायचा? मोबाइलवरचा स्टॉप मोशन

दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या पडद्यावर नाचवल्या. आज आपण मोबाइलवर करतो तीच ही युक्ती: वस्तू किंचित हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. फोटो भराभर दाखवले की वस्तू आपली आपण चालू लागते. मात्र चालणारी प्रत्येक वस्तू जिवंत वाटतेच असं नाही. पहिल्या प्रयत्नात बहुतेकांची वस्तू टेबलावरून नुसतीच सरकते. हा फरक कुठून येतो हे वाचून कळण्यापेक्षा हाताने करून जास्त कळतं, आणि त्यासाठी मला काडेपेटीइतकी चांगली वस्तू दुसरी दिसत नाही. तिला डोळे नाहीत, तोंड नाही, हातपाय नाहीत. जीव आलाच तर हालचालीतूनच येणार. म्हणून तिच्यावर कागदी डोळे चिकटवायचा मोह टाळा.

१. मांडणी

पेटीतल्या काड्या काढून ठेवा आणि खणात, म्हणजे काड्या असतात त्या आतल्या सरकत्या कप्प्यात, थोडी मुलांची खेळायची क्ले दाबून भरा. पेटी जड झाली की चुकून हात लागला तरी सहज हलत नाही. खण पुढच्या बाजूने थोडा आतबाहेर सरकेल एवढी जागा ठेवा. मोबाइल स्टँडवर पक्का बसवा. खिडकीचे पडदे ओढून फक्त टेबल लॅम्प लावा, कारण दिवसाचा उजेड सतत बदलतो आणि मग सगळं चित्र लुकलुकतं. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा. स्टॉप मोशनचं कुठलंही साधं अ‍ॅप चालेल. त्यात आधीचा फोटो पुसटसा दिसत राहण्याची सोय मात्र हवी. वेग सेकंदाला १२ फोटो ठेवा. टेबलाच्या कडेला, फोटोच्या चौकटीत येणार नाही अशी, एक मोजपट्टी चिकटवा.

२. आधी दोन निर्जीव हालचाली करा

ही पायरी गाळू नका. पेटी १२ सेंमी सरकवायची आहे, दर फोटोला बरोबर १ सेंमी. बारा फोटो, एक सेकंद. चालवून बघा. पेटी कुणीतरी दोरीने ओढल्यासारखी जाईल आणि खट्‌कन थांबेल.

आता तेवढंच अंतर वेगळ्या मापांनी, मिलिमीटरमध्ये: २०, १८, १६, १४, १२, १०, ९, ७, ६, ४, ३, १. ही पेटी कॅरमच्या सोंगटीसारखी जाते. टोला बसल्याक्षणी सगळ्यात जोरात, मग घर्षणाने मंद होत होत थांबते. हालचाल अगदी खरी वाटते, पण बघणाऱ्याच्या मनात लगेच येतं की हिला कुणीतरी ढकललं.

निर्जीवपणाची खूण इथेच सापडते. वेग बाहेरून मिळालेला आहे आणि तेव्हापासून तो फक्त कमी होतोय.

३. आता तिला स्वतःहून निघू द्या

अंतर तेच, १२ सेंमी. मापं अशी: २, ४, ७, ११, १६, २०, २०, १६, ११, ७, ४, २. पेटी हळू सुटते, वेग घेते आणि थांबायच्या जागेआधीच स्वतःला आवरते. कुठे थांबायचं हे तिला आधीपासून ठाऊक असावं, असं वाटतं.

तरी एवढ्याने भागत नाही. चांगली मोटर बसवलेलं यंत्रही असंच सुटतं आणि थांबतं. म्हणून निघण्याआधी दोन गोष्टी घाला. पेटी जागच्या जागी ठेवून दहा फोटो काढा. मग तीन फोटोंमध्ये तिला एकेक मिलिमीटर मागे घ्या. उडी मारण्याआधी मांजर अंग मागे घेतं, तेच हे. त्यानंतर वरची बारा मापं. आता ती निघायचं ठरवून निघाली असं दिसेल. माझ्या मते सगळ्या कामातले सर्वांत मोलाचे फोटो हे न हलणारे दहाच आहेत. घाईत लोक नेमके तेच कापतात.

४. तिला काहीतरी हवं असू द्या

पेटीपासून वीतभर अंतरावर, थोडी बाजूला, खडीसाखरेचा एक खडा ठेवा. पेटीचा खण पुढच्या बाजूने ३ मिमी बाहेर काढा. हेच तिचं डोकं.

क्रम असा ठेवा: पेटी सरळ जात असताना थांबते. आधी फक्त खण आणखी २ मिमी पुढे येतो. मग चार फोटोंत पेटी खड्याकडे वळते. आठ फोटो काहीच नाही. मग ती निघते, तीही सरळ रेषेत न जाता किंचित वळसा घेऊन. अर्ध्या वाटेत एकदा थांबवून अर्धा सेंमी मागे आणा आणि पुन्हा पुढे न्या. बघणारा लगेच म्हणेल, "घाबरली!" धक्का न बसता दिशा बदलणं आणि कशाच्या तरी रोखाने जाणं, या दोन गोष्टी दिसल्या की आपलं मन समोरच्या वस्तूला इच्छा बहाल करतं.

५. वजन

पडणारी वस्तू सगळ्यात जास्त फसवते. ३० सेंमी उंचीवरून पडायला पेटीला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे आपल्या वेगाने फक्त तीन फोटो. पहिल्या फोटोत ती ३.५ सेंमी खाली, दुसऱ्यात १३.५ सेंमी खाली, तिसऱ्यात टेबलावर. नवखे लोक इथे दहा-बारा फोटो खर्च करतात आणि पेटी पिसासारखी तरंगत येते. हवेतल्या फोटोंसाठी मागे पुठ्ठा उभा करा आणि पेटी क्लेने त्याला चिकटवा.

६. श्वास, आणि तो थांबवणं

जिवंत वस्तू स्थिर उभी असतानाही पूर्ण गोठलेली नसते. पेटी बराच वेळ थांबणार असेल तर खण सहा फोटोंत १ मिमी बाहेर आणि सहा फोटोंत १ मिमी आत असा चालू ठेवा. एका सेकंदाला एक श्वास हा माणसासाठी फार जलद आहे, पण एवढ्याशा प्राण्याला शोभतो. नकळत लागलेल्या हाताने पेटी थरथरली तर तो श्वास वाटत नाही, नुसता गोंधळ दिसतो. असे फोटो पुसून पुन्हा काढा.

आता तिला मारून बघा. श्वास दोन-तीनदा लांबवा, मग खण अर्धवट बाहेर असतानाच सगळं थांबवा आणि चोवीस फोटो तसेच काढा. त्यानंतर पेन्सिलीने तिला ढोसा. पेन्सिल जेवढी सरकेल तेवढीच पेटी सरकली पाहिजे, एक मिलिमीटरही जास्त नाही. पेन्सिल थांबली की तीही थांबते. हा तुकडा नीट जमला तर बघताना खरोखर वाईट वाटतं.

७. दुसऱ्याला दाखवा

काहीही न सांगता, आवाजाशिवाय कुणाला तरी दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: काय झालं ते सांग. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी १९४४ साली असंच केलं होतं. दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ फिरताना दाखवणारी छोटी फिल्म दाखवून त्यांनी काय दिसलं ते लिहायला सांगितलं. चौतीस जणींपैकी जवळपास निव्वळ भूमितीच्या भाषेत लिहिणारी एकच निघाली. बाकीच्यांना त्या आकारांमध्ये भांडण, पाठलाग, भीती असं काही ना काही दिसलं.

तुमचा प्रेक्षक "पेटी डावीकडे सरकली" असं म्हणाला, तर नवं काही शूट करण्याआधी निघण्यापूर्वीचे थांबे मोजा. बहुतेक वेळा तिथेच पाच-सहा फोटो वाढवले की काम होतं. "तिला तो खडा हवा होता" असं म्हणाला, तर दुसरी काडेपेटी आणा आणि दोघींना समोरासमोर ठेवा.