हात न लावता अळीची झुंज कशी बघावी

रंगीत अळी दिसली की आधी हात मागे घ्या आणि झाड कोणतं आहे ते बघा. बहुतेक अळ्या खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असतात, त्यामुळे निम्मी ओळख झाडावरूनच पटते. रुईवर पांढरे, काळे, पिवळे पट्टे असलेली अळी दिसली तर ती बहुधा बिबळ्या कडवा या फुलपाखराची. लिंबाच्या पानावर पक्ष्याची ओली शीट पडल्यासारखी वाटली तर जरा थांबा. कधी कधी ती शीट पान खायला लागते.

शोधताना मी वर बघतच नाही, आधी खाली बघते. खालच्या पानांवर किंवा जमिनीवर बारीक हिरवट-काळ्या गोळ्या दिसल्या की ती अळीची विष्ठा. गोळ्या अजून ओलसर असतील तर अळी जवळपासच आहे. मग कुरतडलेली कड शोधायची आणि वाकून पानाची खालची बाजू बघायची. रात्री अतिनील टॉर्च नेलात तर काम फारच सोपं होतं, कारण बऱ्याच अळ्या त्या उजेडात पानांतून वेगळ्या उठून दिसतात.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि वही पुरे. भिंग डोळ्याशी धरून आपण पुढे झुकायचं, फांदी ओढून जवळ आणायची नाही. फांदी हलली की काही अळ्या लगेच धागा सोडून खाली लोंबकळतात. श्वासही बाजूला सोडा, तोंडाची वाफ त्यांना कळते. आणि अळी बराच वेळ एकाच जागी निपचित असेल तर ती कात टाकायच्या तयारीत असते. तेव्हा तिला अजिबात त्रास देऊ नका.

आता रंगांकडे वळू. अळी इतकी भडक कशासाठी, हा प्रश्न 1867 साली चार्ल्स डार्विनला पडला होता. फुलपाखराचे भडक रंग जोडीदारासाठी म्हणावेत, तर अळीला कुठे जोडीदार शोधायचा असतो? त्याने आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गअभ्यासकाला विचारलं. वॉलेसने सुचवलं की अशा अळ्या चवीला वाईट असणार, आणि ते पक्ष्याला चोच मारायच्या आधीच कळावं म्हणून हा रंग. अळीची कातडी इतकी नाजूक की एक टोच बसली तरी ती मरते. नंतर थुंकून टाकली तरी तिला काय उपयोग?

हे रुईपाशी बसलं की नीट उमगतं. कडव्याची अळी उघड्यावर, भर उन्हात, निवांत खात असते. पाठीवर काळ्या मऊ शेपट्यांच्या तीन जोड्या, पुढची जोडी सर्वांत लांब. मोठ्या पानाची मधली शीर ती आधी चावते, चीक गळू देते आणि मग पुढचा भाग खाते. तरी चिकातलं जे विष पोटात जातं ते अंगात साठतं आणि पुढे फुलपाखरातही उतरतं.

लिंबावरच्या अळीची गोष्ट उलटी. लहानपणी ती शिटेचं सोंग घेते, मोठी झाल्यावर पानासारखी हिरवी होते. म्हणजे तिचा सगळा भर लपण्यावर. एका सकाळी अशाच हिरव्या अळीकडे एक मुंगी चालत आली. मुंगीच्या मिशा अंगाला लागल्या मात्र, अळीने पुढचा भाग उचलला आणि डोक्यामागून नारिंगी-तांबडं, ओलं चकचकणारं, दोन फाट्यांचं शिंग बाहेर आलं. क्षणभरात उग्र आंबूस वास सुटला. मुंगी मागे वळली, शिंग आत गेलं. हे सुरू होऊन संपायला दहा सेकंदही लागली नाहीत. ते बघायला मिळावं म्हणून सुरुवातीला मी काडीने डिवचत असे. तशा डिवचलेल्या अळीने नंतर कितीतरी वेळ पानाला तोंड लावलं नाही, तेव्हापासून काडी बंद. मुंगी, गांधीलमाशी, कोळी यांपैकी कुणीतरी येतंच, तेवढा धीर धरायचा.

कण्हेरीवरची जाड हिरवी अळी त्रास झाला की डोकं आत ओढते. मग पुढचा भाग फुगतो आणि त्यावरचे निळसर डोळे वटारल्यासारखे दिसतात. ते खरे डोळे नव्हेत, आणि तिचं शेपटीवरचं शिंगही टोचत नाही. उंटअळी मात्र फांदीला मागच्या पायांनी धरून काटकीसारखी ताठ राहते. हिचा फोटो काढून घरी मोठा करून बघा, तेव्हाच पाय दिसतील.

केसाळ सुरवंट आणि काटेरी हिरव्या अळ्या यांच्याबाबतीत मात्र मी कडक आहे. मुलं सोबत असतील तर हातभर अंतर ठेवाच. केस टोचलेच तर चोळू नका. चिकटपट्टी हलकेच लावून उचला, म्हणजे केस निघून येतात, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेले किंवा श्वास लागला तर थेट डॉक्टरकडे.

वहीत तारीख, वेळ, झाड, कोण आलं आणि अळीने काय केलं एवढं लिहा. हरलेल्या झुंजीही लिहा. कधी अळीच्या अंगावर किंवा शेजारी तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोश दिसतील. ते एका छोट्या गांधीलमाशीचे. तिची पिल्लं अळीच्या आत वाढून बाहेर पडलेली असतात. ते कोश काढून टाकू नका. रोज एकदा बघून या; काही दिवसांनी कोशांची टोकं उघडतात आणि मुंगीएवढ्या काळ्या माश्या उडून जातात.