मेपलच्या रसाची घरगुती भट्टी: पॅन बदलण्याआधी आगीची वाट बदला

अमेरिकेतील व्हरमाँटपासून कॅनडातील क्वेबेकपर्यंतच्या पट्ट्यात हिवाळा सरत असताना, रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर जाऊ लागला की शुगर मेपल या झाडाचा गोड रस वाहू लागतो. या रसात साखर साधारणपणे 2 टक्केच असते, त्यामुळे 1 लिटर पाकासाठी सुमारे 43 लिटर रस आटवावा लागतो. लोखंडी पिंप, जुने फाइल-कपाट किंवा सिमेंटचे ठोकळे वापरून घरी केलेल्या भट्टीवर हे काम रात्री उशिरापर्यंत रेंगाळते, आणि मग बहुतेकांच्या मनात पहिला विचार मोठ्या पॅनचा येतो. माझ्या मते हा खर्च बहुतेक वेळा अकाली असतो, कारण दोष पॅनमध्ये नसून आगीच्या वाटेत असतो: ज्वाळा पॅनच्या बुडाला न भिडताच धुराड्यात निघून जातात.

पिंपाच्या भट्टीत डोकावून पाहिल्यास हे लगेच दिसते. पुढच्या भागात जाळ भरपूर असतो, परंतु मागे भट्टीचा तळ तितकाच खोल राहिल्यामुळे गरम वायू पॅनपासून दूर, खालच्या पोकळीतून वाहतात आणि पॅनचा मागचा अर्धा भाग नुसताच कोमट राहतो. म्हणून सरपण ज्यावर जळते त्या जाळीच्या मागच्या कडेपासून धुराड्याच्या तोंडापर्यंत तळ चढता करून घ्यावा. त्यासाठी पूर्ण कोरडी वाळू किंवा व्हर्मिक्युलाइट (हलके, उष्णतारोधक खनिज) भरून वर फायरब्रिक, म्हणजे आगीत टिकणाऱ्या विटा, बसवाव्यात आणि मागच्या टोकाला वीट व पॅन यांच्यात सुमारे 4 सेंटिमीटर फट ठेवावी. ही फट अंदाजाने न ठेवता तिचा हिशेब करावा. पॅन 60 सेंटिमीटर रुंद असेल, तर 4 सेंटिमीटरच्या फटीचे क्षेत्रफळ 240 चौरस सेंटिमीटर होते, आणि 15 सेंटिमीटर व्यासाच्या धुराड्याचे सुमारे 177. फटीचे क्षेत्रफळ धुराड्यापेक्षा कमी झाले, तर धूर दारातून उलटा येऊ लागतो. तसे झाल्यास विटा थोड्या खाली घ्याव्यात.

यानंतर अस्तर. उघड्या पत्र्यातून बाजूंनी जाणारी धग रसाच्या कामी येत नाही, शिवाय पत्राही लवकर वाकतो. आतून सिरॅमिक फायबर ब्लँकेट (उष्णतारोधक तंतूंची जाड चादर) आणि जाळाच्या भागात त्यावर फायरब्रिक, ही रचना उत्तम ठरते. मात्र ब्लँकेट कापताना त्याचे तंतू श्वासात जाऊ नयेत यासाठी चांगला मास्क घालणे अत्यावश्यक आहे. पॅन आणि भट्टीची कड यांच्यातील फटी उष्णतारोधक दोरीने बुजवाव्यात, म्हणजे राख व धूर वर येणार नाही.

हवा जाळीखालूनच यावी. दाराच्या फटींतून शिरणारी हवा पेटलेल्या लाकडांतून न जाता वरच्या वर वाहते आणि ज्वाळा थंड करते, म्हणून दार घट्ट बसणारे हवे. जाळीखाली छोटा ब्लोअर लावल्यास फरक ठळक जाणवतो, परंतु हवेवर नियंत्रण ठेवणारी झडप त्याला असलीच पाहिजे आणि सरपण घालण्यासाठी दार उघडण्यापूर्वी तो बंद केला पाहिजे. अन्यथा ज्वाळा अंगावर येतील. सरपण वर्षभर वाळलेले आणि मनगटाएवढे जाड फोडलेले असावे, आणि ते दर सातआठ मिनिटांनी थोडे थोडे घालावे.

आवक रस आधी तापवणारे छोटे भांडे धुराड्याजवळ बसवणे उपयुक्त आहे, पण त्याचे कारण नीट समजून घ्यावे. 1 लिटर रस 5 अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे 0.4 मेगाज्यूल उष्णता लागते, तर तेवढ्याच पाण्याची वाफ करण्यास सुमारे 2.26 मेगाज्यूल. म्हणजे या भांड्याने सरपणात होणारी बचत मर्यादितच. खरा लाभ असा की गार रस पडून पॅनमधली उकळी मोडत नाही. पॅनमध्ये रसाची खोली 4 ते 5 सेंटिमीटर राखावी, कारण त्याहून उथळ रस तेज जाळावर पाहता पाहता करपतो.

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा भट्टीच्या आत वापरू नये, कारण तापल्यावर त्यातून विषारी धूर निघतो. शिशाच्या डाखाने जोडलेला जुना पॅनही बाद करावा. खाद्यपदार्थासाठी योग्य स्टेनलेस स्टीलच घ्यावे. रंगवलेले कपाट वापरल्यास रस चढवण्याआधी, पाणी भरलेला पॅन ठेवून, उघड्यावर मोठा जाळ करून रंग जाळून टाकावा.

प्रत्येक बदलानंतर पॅनमध्ये मोजून पाणी भरावे आणि पक्की उकळी आल्यावर तासाभरात किती लिटर आटते ते लिहून ठेवावे. सपाट बुडाच्या पॅनवर प्रत्येक चौरस मीटरमागे ताशी 40 लिटरच्या आसपास पाणी आटत असेल, तर आगीची वाट ठीक झाली असे समजावे. एवढे झाल्यावरही वेळ अपुरा पडत असेल, तरच मोठ्या पॅनचा विचार करावा.