जुलाब लागले की आधी काय करायचं?

उन्हाळ्यात सोलापुरात नळाला पाणी सुटलं की घराघरांत एकच धांदल. पिंप, बादल्या, कळशा, हाताला लागेल ते भांडं भरून ठेवायचं. असाच एक मे महिना होता आणि बहिणीच्या दीड वर्षाच्या पोराला जुलाब लागले. दुपारपर्यंत सात वेळा. मी शहाणपणा करून मेडिकलमधून ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेच्या पावडरची, मोठी पुडी आणली, त्यातली दोन चमचे पावडर पेलाभर पाण्यात कालवली आणि पाजायला बसले. पोरानं तोंड फिरवलं. मला वाटलं, नखरे करतोय. संध्याकाळी डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पुडी किती पाण्यात घातली?" तेव्हा कळलं की नखरे त्याचे नव्हते, चूक माझी होती.

म्हणून आधी पुडीचंच सांगते. पाकिटावर किती पाणी घालायचं ते छापलेलं असतं. मोठी पुडी एक लिटरची, छोटी 200 मिलीची. जेवढं लिहिलंय तेवढंच पाणी मोजून घ्या आणि अख्खी पुडी एकदम त्यात घाला. थोडी थोडी काढून वापरायची नाही. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं आणि ते लहान बाळाला धोक्याचं असतं. पाणी उकळून गार केलेलं असावं. मोजायला एक लिटरची बाटली नीट धुऊन घ्यावी. वर साखर, दूध, सरबत काही घालू नये. केलेलं पाणी झाकून ठेवा आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्या.

पुडी मिळेपर्यंत घरचं चालतं: एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चाखून बघा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ते फेकून नवं करा.

आता पाजायचं कसं? दोन महिने ते दोन वर्षांच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, म्हणजे 50 ते 100 मिली. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिली. मोठ्या माणसाला लागेल तेवढं. लहानग्याला चमच्यानं, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, पण आणखी सावकाश. इथंच बहुतेक घरांत हिंमत सुटते. पोर ओकलं की "त्याला पचत नाहीये" म्हणून पेला बाजूला जातो. चमचा सोडू नका, थोडं तरी आत राहतंच.

आणि एक लक्षात ठेवा. ओआरएसनं जुलाब थांबत नाहीत. गेलेलं पाणी आणि क्षार भरून निघतात, एवढंच त्याचं काम. साखर आतड्यातून मीठ आत घेऊन जाते आणि मिठामागे पाणी जातं. 1971 साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी लोकांना पाजून हजारोंचे जीव वाचवले. तरी आपल्याकडे अजून "एक बाटली लावा की डॉक्टर" चालूच. कोल्ड्रिंक आणि पाकीटबंद गोड ज्यूस मात्र देऊ नका. त्यातल्या जास्तीच्या साखरेनं जुलाब वाढतात.

पोट रिकामं ठेवायचं नाही. अंगावरचं दूध तर अजिबात बंद करू नये, उलट जास्त वेळा पाजावं. मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, केळं, ज्वारीच्या कण्या, जे पचेल ते थोडं थोडं द्यावं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार दिवस थांबेल. पाच वर्षांखालच्या मुलाला झिंकची गोळीही लागते. सहा महिन्यांपुढे रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10, आणि ती पूर्ण 14 दिवस द्यायची, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात विचारा.

जुलाब बंद करायची गोळी मुलांना मनानं देऊ नका. अँटिबायोटिकही नको. लहान मुलांचे बरेचसे जुलाब रोटासारख्या विषाणूंचे असतात, तिथं त्याचा उपयोग नाही. जायफळ उगाळून चाटवायची आपली जुनी सवय, पण ते जास्त झालं तर बाळ गुंगतं आणि मग गुंगी जायफळाची की पाणी कमी झाल्याची, हेच समजेनासं होतं. "दात येतायत, होणारच" असं म्हणून बसणंही महागात पडतं.

दवाखाना कधी गाठायचा? शीमध्ये रक्त दिसलं, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे किंवा टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश जागेवर येते, पोर मलूल पडलंय किंवा काहीच पीत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा आणि वाटेतही चमचा चालू ठेवा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर जुलाब सुरू होताच दाखवा. तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं पाणी भरभरून जात असेल तर मोठ्यांनीही लगेच निघावं, तो कॉलरा असू शकतो.

मोठी माणसं दुखणं अंगावर काढतात. दोन दिवसांत उतार नाही, ताप चढलाय, उभं राहिलं की चक्कर येते, तर दाखवाच. म्हातारी माणसं, गरोदर बाई, किडनीचा त्रास असलेले यांनी दोन दिवसही थांबू नये. बीपीच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या दिवसांत घ्यायच्या का, हे डॉक्टरांना विचारा.

राहता राहिलं कारण. शिळं अन्न, माश्या, न धुतलेले हात हे आहेच, पण आपल्याकडे माझा पहिला संशय पाण्यावर असतो. नळ बंद असतो तेव्हा पाइपात दाब नसतो आणि जिथं गळती असेल तिथून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत शिरतं. म्हणून पाणी सुटल्यावर पहिल्या दोन-तीन बादल्या फरशी, संडास, झाडं यांना. प्यायचं पाणी नंतर भरायचं, खळखळून उकळायचं आणि झाकायचं. बहिणीकडे आता पिण्याच्या पिंपावर लांब दांड्याचं ओगराळं अडकवलेलं असतं. तांब्या धरून हात बुडवायला गेलं की पोरगंच ओरडतं, "मावशी, हात नको!"